सागराचे राखणदार

कोकणातील पुष्कळशा गावांना राखणदार असतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. गाव निद्राधीन झाले की हा राखणदार हाती काठी घेऊन शिवेवरून फेरी घालतो, चुकलेल्या वाटसरूला वाट दाखवितो आणि संकटाला वेशीबाहेर थोपवून धरतो, असे वडीलधारी माणसे सांगतात. वर्षातून एकदा गाव त्याला मान देते, त्याचे उपकार स्मरते. परंतु जेथे गावाची शीव संपते, तेथून समुद्राची शीव सुरू होते. त्या अथांग पाण्याचे राखण कोणी करावयाचे?

समुद्राविषयी किनाऱ्यावरील लोकांच्या मनात आदर नाही, असे मुळीच नाही. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला श्रीफळ अर्पण करतात आणि मगच नव्या हंगामासाठी होड्या पाण्यात लोटतात. पण ज्या पाण्याला नारळ वाहिला जातो, त्याच पाण्यात शहरांचे सांडपाणी सोडले जाते. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे टाकले जातात. समुद्र मोठा आहे, त्याच्या पोटात काय वाटेल ते सामावेल, असा माणसाचा समज झालेला असतो. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण येथे पुरेपूर लागू पडते. समुद्र मात्र काहीच विसरत नाही. ओहोटीने नेलेले तो भरतीने परत आणून देतो. आणि जे परत येत नाही, ते माशांच्या आणि कासवांच्या पोटात जाते.

किनाऱ्यालगतचे पाणी हे सागराचे अंगण होय. येथे पाणी उथळ असते, सूर्यप्रकाश तळापर्यंत किंवा तळाच्या जवळ पोचतो आणि नद्या डोंगरातून आणलेली पोषक द्रव्ये येथेच ओततात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती या पाण्यात विपुल वाढतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे कार्य समुद्रातील हे सूक्ष्म जीव करीत असतात. प्लवकांवर लहान जीव जगतात, त्यांवर मासे आणि माशांवर माणूस. खाड्यांच्या काठी उभी असलेली तिवरांची बने ही तर कोळंबीच्या आणि कित्येक माशांच्या पिल्लांची पाळणाघरेच आहेत. म्हणून या अंगणात घाण साचली, तर तिचा परिणाम शेवटी कोळ्याच्या जाळ्यात आणि घरोघरच्या ताटात दिसल्यावाचून राहत नाही.

या पाण्याच्या आणि त्यातील जीवांच्या रक्षणासाठी कायदे झालेले आहेत, सरकारी खाती आहेत, अभ्यासू शास्त्रज्ञही आहेत. तथापि किनारा शेकडो किलोमीटर लांब आणि शास्त्रज्ञ मोजके. शिवाय समुद्र रोज पालटतो. आजचे पाणी काल नव्हते आणि उद्या असणार नाही. अशा चंचल वस्तूचा अभ्यास करावयाचा, तर कोणीतरी दररोज, त्याच जागी, त्याच चिकाटीने पाहणारे हवे. असा मनुष्य परगावाहून आणता येत नाही. तो किनाऱ्यावरच राहणारा असावा लागतो. सामान्य माणसांनी स्वेच्छेने निरीक्षणे करावी, ती शिस्तीने टिपून ठेवावी आणि शास्त्रज्ञांच्या हाती द्यावी, या रीतीला लोकसहभागाचे विज्ञान म्हणतात. या रीतीने किती मोठे कार्य उभे राहू शकते, याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचे एक लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. गावासमोर लांबरुंद पुळण पसरली असून तिच्या मागे सुरूचे बन आहे. हिवाळ्याच्या दिवसांत या पुळणीवर रात्रीच्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. मादी मागच्या पायांनी सुमारे हातभर खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. आपल्या पिल्लांचे तोंड ती कधीच पाहत नाही. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांनी अंडी फुटतात आणि पिल्ले आपण होऊन पाण्याकडे धाव घेतात.

पूर्वी ही पिल्ले समुद्रापर्यंत क्वचितच पोचत असत. कोल्हे आणि कुत्री घरटी उकरीत. आणि त्यांच्याही आधी माणूस तेथे पोचे. वाळूत उमटलेला मादीचा माग पाहून लोक घरटे हुडकीत आणि अंडी काढून खात वा विकीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रकासवांना संरक्षण दिलेले होते. पण कायदा ग्रंथात होता आणि अंडी वाळूत. त्या दोहोंच्या मध्ये उभे राहणारे कोणी नव्हते.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची घरटी शोधीत कोकणचा किनारा पालथा घालीत होते. त्या भटकंतीत त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना दोष देण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी ग्रामस्थांना विश्वासात घेतले, कासवाची जीवनकथा त्यांना समजावून सांगितली आणि रक्षणाचे काम गावातील तरुणांवरच सोपविले. येथे एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. वाळूतील माग ओळखण्याची विद्या शास्त्रज्ञांपेक्षा गावकऱ्यांनाच अधिक अवगत होती. जी नजर आजवर घरटे लुटण्यासाठी वापरली जात होती, तीच आता घरटे राखण्यासाठी उपयोगी पडू लागली. विद्या तीच, हेतू मात्र पालटला.

अशा राखणदारांना आज कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात. कासवमित्राचा दिवस झुंजूमुंजू होण्यापूर्वीच सुरू होतो. पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो पायी फिरतो. कोठे कासवाचा माग दिसला, की काठीने वाळू हळुवार चाचपून घरट्याची जागा निश्चित करतो. घरटे धोक्याच्या जागी असेल तर अंडी एकेक करून बाहेर काढतो. ती वेळेवर हलवावी लागतात आणि हलविताना उलटीपालटी होऊ द्यावयाची नसतात. तसे झाल्यास आतला कोवळा जीव दगावण्याचा संभव असतो. मग जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, पहिल्या खड्ड्याच्याच आकाराचा व तेवढ्याच खोलीचा खड्डा खणून तो अंडी त्यात ठेवतो. खोलीविषयी एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण वाळूच्या उष्णतेवर पिल्लांचे लिंग ठरते. वाळू अधिक उबदार असल्यास माद्या अधिक निपजतात, थंड असल्यास नर. खड्डा खणताना केलेला निष्काळजीपणा असा पुढच्या पिढीला बाधू शकतो.

हे सर्व झाल्यावर कासवमित्र वही उघडतो. घरटे कोणत्या दिवशी, कोठे सापडले, अंडी किती होती, ती किती वाजता पुरली, हे तो लिहून ठेवतो. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि ती वरचेवर उचलून पाहतात. पिल्ले बाहेर आली की ती मोजून पुळणीवर सोडतात. पाण्यापर्यंतची वाट मात्र ती आपल्या पायांनी चालतात. शेवटी घरटे उकरून रिकामी टरफले आणि न फुटलेली अंडीही मोजली जातात.

पहिल्याच हंगामात वेळासला ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात पोचली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात हे ध्यानी घेतले, म्हणजे पुष्कळ अंडी फुटली नाहीत हेही याच आकड्यांवरून उघड होते. ते कोणी झाकून ठेवले नाही, यातच या कार्याचे मोठेपण आहे. नोंदवहीत केवळ यश लिहिले, तर ती वही नव्हे, ती प्रशस्ती झाली. न फुटलेल्या अंड्यांची नोंद असेल तरच ती का फुटली नाहीत, हा प्रश्न उत्पन्न होतो. आणि प्रश्न उत्पन्न झाला तरच पुढच्या वर्षी काम सुधारते. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षाही घातक होय.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. दूरदूरच्या शहरांतून लोक पिल्ले पाहण्यास येऊ लागले आणि गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. त्यामुळे गावाला चार पैसे मिळू लागले, हे खरेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पुळण ही एक शाळा झाली. दोरीच्या पलीकडे जाऊ नये, पिल्लांना हात लावू नये, रात्री किनाऱ्यावर दिवे पाजळू नयेत, हे नियम येथे गावकरी शहरवासीयांना शिकवितात. आणि प्रत्येक नियमामागे कारण असते. पिल्ले अंधारात समुद्राच्या क्षितिजावरील उजेडाकडे चालत जातात. जमिनीवर दिवे लावले तर ती फसून उलट दिशेला वळतात आणि वाळूतच प्राणास मुकतात. हे कारण एकदा समजले की नियम पाळण्यासाठी पहारेकऱ्याची गरज उरत नाही.

पुढे हे कार्य वनविभागाच्या साह्याने कोकणातील अनेक गावांत पसरले. गावोगावच्या या जागृत नजरेचा शास्त्राला केवढा उपयोग होतो, हे २०२५ साली दिसून आले. भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील ऑलिव्ह रिडले कासवे वेगवेगळ्या गटांतील असावीत, असे सामान्यतः समजले जात असे. त्या वर्षीच्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा लहानसा बिल्ला आढळला. त्यावरील क्रमांक टिपून घेतला गेला आणि त्याचा शोध घेता कळले, की हा बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी लावलेला होता! म्हणजे बंगालच्या उपसागराच्या काठी अंडी घालणारी ही मादी भारताचे दक्षिण टोक ओलांडून अरबी समुद्राच्या काठी आली होती. बिल्ला लावणाऱ्याने क्रमांक लिहून ठेवला नसता, किंवा गुहागरला तो कोणी वाचला नसता, तर एवढी मोठी गोष्ट अंधारातच राहिली असती. एका टोकाला एक वही आणि दुसऱ्या टोकाला एक नजर, या दोहोंनी मिळून दोन समुद्र जोडले.

कासव डोळ्यांना दिसते. पण ज्या पाण्यात ते राहते, त्या पाण्याची स्थिती कशी ओळखावी? त्यासाठीही फार मोठ्या यंत्रांची आवश्यकता असतेच असे नाही. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने, जो नामांकित खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात एक साधा प्रयोग केला. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी त्याने पाण्यात सोडली आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजले. पाणी जितके स्वच्छ, तितकी ती अधिक खोलवर दिसते. ‘सेक्की तबकडी’ या नावाने हे साधन आज जगभर ओळखले जाते. समुद्रासाठी सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाची पांढरी तबकडी, खाली एक वजन आणि खुणा केलेली दोरी, एवढ्यावर काम भागते. २०१३ पासून जगातील अनेक दर्यावर्दी अशा घरी बनविलेल्या तबकड्यांनी पाणी मोजून त्या नोंदी प्लवकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे पाठवू लागले.

अर्थात एका दिवसाच्या मोजणीवरून निकाल देणे शहाणपणाचे नव्हे. पाणी गढूळ दिसण्याची कारणे अनेक असतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो. कधी प्लवकांची वाढ होते. कधी कोठून तरी सांडपाणी मिसळते. यांतील खरे कारण कोणते, हे एकट्या तबकडीला सांगता येत नाही. परंतु त्याच जागी, ठरावीक दिवसांनी, वर्षानुवर्षे मोजणी केली, म्हणजे नेहमीचे कोणते आणि विपरीत कोणते, हे कळू लागते. वैद्य रोग्याची नाडी पुनःपुन्हा पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

कचऱ्याच्या बाबतीतही हीच दृष्टी उपयोगी पडते. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा या दोन महिलांच्या पुढाकाराने सुमारे २,८०० स्वयंसेवक एकत्र आले आणि त्यांनी तीन तासांत १२४ टन कचरा गोळा केला. पण नुसता कचरा उचलून ते थांबले नाहीत. कोणती वस्तू किती सापडली, याची त्यांनी कार्डांवर नोंद केली. किनारा झाडणे हे पुण्यकर्म खरे. परंतु पुढच्या भरतीला तो पुन्हा घाण होतो. बाटल्या किती, दोऱ्या किती, जाळ्यांचे तुकडे किती, हे मोजले की कचरा कोठून आला याचा माग लागतो आणि मग तो उगमापाशीच थांबविण्याचा यत्न करता येतो. या उपक्रमातूनच आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन उदयास आला. आज तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी भारतासह अनेक देशांत पाळला जातो.

मुंबईसारख्या गजबजलेल्या नगरीतही असे कार्य चालते. तेथील समुद्रात आता काय उरले आहे, असे पुष्कळांना वाटे. २०१७ साली काही निसर्गप्रेमींनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला आणि ओहोटीच्या वेळी नागरिकांना व विद्यार्थ्यांना खडकाळ किनाऱ्यावर नेण्यास आरंभ केला. खडकांतील पाण्याच्या डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी, इतकेच काय, पण प्रवाळ आणि अष्टपादही पाहून लोक थक्क झाले. प्रत्येक जीवाचे छायाचित्र, जागा आणि दिनांक यांची नोंद होऊ लागली. जे आहे हेच ठाऊक नाही, त्याचे रक्षण कोणी करावे? ओळख झाली की आपलेपणा येतो आणि आपलेपणा आला की माणूस रक्षणास उभा राहतो.

या सेवेस धन लागत नाही, पदवी लागत नाही. पण काही गुण अवश्य लागतात. पहिला गुण सातत्य. एक दिवस उत्साहाने जाऊन महिनाभर न फिरकणारा मनुष्य या कामाला निरुपयोगी होय. दुसरा गुण सत्यनिष्ठा. जे पाहिले तेच लिहावे. जे पाहिले नाही ते अंदाजाने भरू नये. तिसरा गुण संयम. निरीक्षणासाठी उचललेला दगड जसाच्या तसा ठेवावा, जीवांना घरी आणू नये, त्यांना त्रास देऊ नये. आणि चौथा गुण सावधपणा. भरती-ओहोटीच्या वेळा जाणून, जाणत्या माणसाच्या सोबतीनेच किनाऱ्यावर उतरावे. समुद्रापुढे धिटाई दाखविणे हे शौर्य नव्हे.

‘गाव करी ते राव न करी’ असे म्हणतात. वेळासच्या पुळणीवर कोणा रावाने पहारा बसविला नाही. गावानेच तो बसविला. पहाटेच्या काळोखात वाळूवरून चालणारा कासवमित्र, होडीतून तबकडी सोडणारा खलाशी आणि ओहोटीच्या डबक्यापाशी वाकून वहीत टिपण करणारी विद्यार्थिनी, हे सारे सागराचे राखणदारच होत. राखणदाराच्या हाती पूर्वी काठी असे. आजच्या राखणदाराच्या हाती काठीबरोबर वही आणि पेन्सिलही असते, एवढाच काय तो फरक.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेळास हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) वनस्पतिप्लवक म्हणजे काय?
(इ) सेक्की तबकडीने काय मोजतात?

२. कारणे द्या.
(अ) हॅचरीतील खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल खणावा लागतो.
(आ) रात्री पुळणीवर दिवे लावू नयेत.
(इ) किनाऱ्यावरील कचरा नुसता उचलून भागत नाही, तो मोजावाही लागतो.

३. ‘विद्या तीच, हेतू मात्र पालटला’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? त्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. ‘नोंदवहीत केवळ यश लिहिले, तर ती वही नव्हे, ती प्रशस्ती झाली’ या विधानावर आठ-दहा ओळी लिहा.

५. पुढील म्हणींचा अर्थ सांगून प्रत्येकीला अनुरूप असा एक प्रसंग लिहा : दृष्टीआड सृष्टी, गाव करी ते राव न करी.

६. उपक्रम : तुमच्या गावाजवळची नदी, तळे, खाडी किंवा समुद्रकिनारा निवडा. शिक्षकांच्या सोबतीने आठवड्यातून एकदा, एकाच जागी व एकाच वेळी जाऊन पाण्याचा रंग, वास, काठावरचा कचरा आणि दिसलेले जीव यांची दिनांकासह नोंद करा. तीन महिन्यांनंतर त्या नोंदी वर्गात वाचून दाखवा आणि त्यांतून कोणते प्रश्न उभे राहतात, त्यांची चर्चा करा.